५० की १५० न्यूटन? घरच्यांसाठी लाईफ जॅकेट निवडताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात चार माणसं: नवरा-बायको, आठ वर्षांची २४ किलोची मुलगी आणि ९८ किलोचे आजोबा, ज्यांना पोहता येत नाही. सुटीत तलावात वल्ह्याची होडी, कधीमधी खाडीत किंवा किनाऱ्यालगत समुद्रात मोटरबोट. भाड्याच्या होडीवरची ओली, कुबट जॅकेटं नकोशी झाली म्हणून घरची घ्यायची ठरवली. एका दुकानात ५० न्यूटनची दाखवली (न्यूटन म्हणजे जॅकेटच्या उचलून धरण्याच्या ताकदीचं माप), दुसऱ्याने १५० च्या खाली बघूच नका म्हणून सांगितलं. आजोबा वजनदार, तर त्यांना मोठ्यात मोठा आकडा लागेल का? मुलीला दोन-तीन वर्षं पुरेल असं थोडं ढगळ घेतलं तर? आणि नवरा-बायको दोघंही चांगलं पोहतात, तर त्यांनी जॅकेट बाकाखाली हाताशी ठेवलं तर भागेल का?

प्रश्न वेगवेगळे दिसले तरी उत्तर एकाच गोष्टीवर ठरतं: माणूस पाण्यात पडतो त्या क्षणी जॅकेट अंगावर असेल का, आणि पुढचा तासभर ते जागेवरच राहील का. आकडा त्यानंतर येतो. म्हणून शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो.

बाकाखालचं जॅकेट बाकाखालीच राहतं. ताशी १० किलोमीटरने जाणारी बोट सेकंदाला पावणेतीन मीटर पुढे सरकते. कुणी पडलंय हे लक्षात येऊन इंजिन आवरेपर्यंत १० सेकंद गेले, तरी मधे २५-३० मीटर अंतर पडलेलं असतं. तेवढ्या लांब जॅकेट फेकलं जात नाही, आणि फेकलंच तर वारा त्याला पाण्यावरून असा ढकलत नेतो की पोहणारा मागेच राहतो. हाती लागलं तरी खरी कसरत पुढेच. जॅकेट पाण्यात अंगात घालायला दोन्ही हात लागतात, म्हणजे तेवढा वेळ नुसत्या पायांवर तरंगायचं. विश्वास बसत नसेल तर पोहण्याच्या तलावात, पाय टेकत नाहीत अशा जागी, शेजारी माणूस ठेवून एकदा करून बघा. चेन लागेपर्यंत दोन-तीन घोट पाणी पोटात गेलेलं असतं, आणि तिथे ना लाटा असतात ना घाबरगुंडी.

पट्टीच्या पोहणाऱ्याचं गणितही इथेच चुकतं, कारण तो पाण्यात उतरलेला नसतो, पडलेला असतो. अंगात कपडे, पायात बूट, कधी डोकं काठावर आपटलेलं. पाणी १५ अंशांपेक्षा गार असेल तर पडल्यापडल्या एक मोठा श्वास आपोआप ओढला जातो. तो आवरणं आपल्या हातात नसतं, आणि त्या वेळी तोंड पाण्याखाली असेल तर हवेऐवजी पाणी आत जातं. थंड पाण्यासाठी १-१०-१ असा ठोकताळा शिकवतात: श्वास ताब्यात यायला १ मिनिट, हातपाय कामाचे राहतात ती १० मिनिटं, आणि गारठून शुद्ध हरपायला साधारण १ तास. जॅकेट नसलेला माणूस पहिल्या दोन टप्प्यांतच जातो. गारठ्याने मरायची पाळी त्याच्यावर येतच नाही. अमेरिकेचं तटरक्षक दल हौशी बोटिंगमधल्या अपघातांचा दरवर्षी अहवाल काढतं. बुडून मेलेल्यांपैकी जॅकेट न घातलेल्यांचं प्रमाण त्यात वर्षानुवर्षं ८० टक्क्यांच्या वरच राहिलं आहे.

तेव्हा हाताशी ठेवण्याचा पर्याय बाद. आता न्यूटन.

१० न्यूटन म्हणजे अंदाजे १ किलोची उचल. बुडालेलं शरीर पाण्यात जवळजवळ बिनवजनी असतं; ओझं होतं ते पाण्याबाहेर ठेवायच्या भागाचं, म्हणजे डोक्याचं, आणि ते भरतं साधारण ५ किलो. ५० न्यूटनचं जॅकेट या हिशेबात बसतं. पण ते शुद्धीवर असलेल्या, हातपाय हलवू शकणाऱ्या, पोहता येणाऱ्या माणसाला पुरतं. बेशुद्ध माणूस पालथा पडला तर ते त्याला उताणा करत नाही. ५० आणि १०० मधला खरा फरक हाच. १०० पासून पुढच्या जॅकेटांत उचल मुद्दाम छातीवर आणि मानेमागे जास्त ठेवलेली असते, त्यामुळे शरीर वळून तोंड वर येतं आणि कॉलर डोक्याला आधार देते.

लाईफ जॅकेटांसाठीच्या आयएसओ १२४०२ या आंतरराष्ट्रीय मानकात ५०, १००, १५० आणि २७५ अशा चार पातळ्या आहेत. ५० ची काठाजवळ, मदत हाकेच्या अंतरावर असताना. कयाक (अरुंद, वल्ह्याची छोटी होडी) किंवा छोट्या शिडाच्या होडीवर सतत हातांचं काम असतं तिथे ती सोयीची, कारण तिच्यात हात मोकळे फिरतात. १०० ची आडोशाच्या, शांत पाण्यासाठी. १५० ची खुल्या समुद्रासाठी आणि अंगात पावसाळी जाड कपडे असतील तेव्हा. या कपड्यांचा मुद्दा दुकानात क्वचितच कुणी काढतो: वॉटरप्रूफ पँटमध्ये हवा अडकली की पाय वर येतात, आणि मग कमी ताकदीच्या जॅकेटला शरीर उताणं फिरवता येत नाही. २७५ ची कमरेला अवजारं बांधून भर समुद्रात काम करणाऱ्यांसाठी, तुमचा तिच्याशी संबंध नाही. म्हणजे दोन्ही दुकानदार आपापल्या जागी बरोबर होते. एकाच्या डोळ्यांसमोर तलाव होता, दुसऱ्याच्या समुद्र.

मग सरसकट १५० च का घेऊ नये? फोमचं १५० इतकं जाडजूड होतं की वल्ही मारताना दंड अडतात, मान वळत नाही, उकडतं. अर्ध्या तासात माणूस बकल सोडतो, तासाभरात काढून पायाशी ठेवतो. पायाशी पडलेल्या १५० पेक्षा अंगावरचं ५० केव्हाही बरं.

आजोबांच्या वजनाबद्दल जवळजवळ प्रत्येकाचा समज उलटा असतो. चरबी पाण्यापेक्षा हलकी, स्नायू आणि हाडं जड. ९८ किलोचा, पोट सुटलेला माणूस पाण्यात मुळातच बरा तरंगतो. काटक, पिळदार शरीराचा तरुण दगडासारखा खाली जातो. त्यामुळे वजन वाढलं म्हणून न्यूटन वाढवायची गरज नाही. वाढवायचं ते माप, आणि तेही छातीचं. मोठ्यांची जॅकेटं छातीच्या घेरावर निवडायची. टेप काखेतून, छातीच्या सगळ्यात रुंद भागावरून फिरवून घेर घ्या, वर नेहमीचे कपडे असू द्या. पोटाचा घेर छातीपेक्षा जास्त असेल तर खालचा पट्टा पुरतो का ते बघा. पुरत नाही म्हणून तो उघडा सोडला की सगळं जॅकेट पाण्यात हनुवटीवर चढून बसतं. आजोबांच्या बाबतीत मी ताकदीपेक्षा या पट्ट्याचीच जास्त काळजी करेन.

फोमचं की फुगणारं, हा पुढचा फाटा. फोमचं जॅकेट बिचारं काहीच करत नाही, आणि तोच त्याचा गुण: फुटत नाही, विसरत नाही, दुरुस्ती मागत नाही. फुगणारं म्हणजे गळ्यात अडकवलेली घडी केलेली पट्टी, आत रिकामी पिशवी आणि कार्बन डायऑक्साइडचं अंगठ्याएवढं जाड सिलिंडर. १५० न्यूटनच्या जॅकेटात बहुतेक वेळा ३३ ग्रॅम वायू असतो. तो मोकळा झाला की साधारण १८ लिटर जागा व्यापतो, आणि १५० न्यूटनसाठी १५ लिटर पुरतात, म्हणून हा आकडा. मॅन्युअल प्रकारात दोरी ओढावी लागते. ऑटोमॅटिकमध्ये पाण्यात विरघळणारी एक गोळी स्प्रिंग अडवून धरते. गोळी भिजली की स्प्रिंग सुटते, सुई सिलिंडरचं तोंड फोडते आणि काही सेकंदांत पिशवी फुगते. तिसरा प्रकार हायड्रोस्टॅटिक: साधारण १० सेंटिमीटर पाण्याचा दाब आल्यावरच तो सुटतो, म्हणून पावसाने किंवा लाटांच्या तुषारांनी उगाच फुगत नाही. महाग असतो.

फुगणारं दिवसभर घातलं तरी जाणवत नाही, त्यामुळे ते काढून ठेवलं जात नाही. पण काही ठिकाणी ते चालतच नाही. ज्याला पोहता येत नाही त्याला नाही, आणि लहान मुलांसाठी फोमच. जेट स्की किंवा वॉटर स्कीइंगमध्ये नाही, कारण वेगात पाण्यावर आपटल्यावर लागणारा मार ते झेलू शकत नाही. तिथे तीन-चार पट्ट्यांचं फोमचं जॅकेट लागतं. सारखी उलटणारी छोटी होडी किंवा कयाक असेल तरी ऑटोमॅटिक नको: प्रत्येक उलटण्याला एक सिलिंडर खर्ची पडतं, आणि उलट्या होडीखाली सापडलात तर फुगलेली पिशवी तुम्हाला तिथेच वर दाबून धरते. शिवाय फुगणाऱ्यावरून रेनकोट घालून चेन लावायची नाही. फुगल्यावर पिशवीला जागा मिळत नाही आणि छाती आवळली जाते. रेनकोट आत, जॅकेट वर.

आता घालण्याकडे. चुका इथे होतात, आणि त्या बारीक असतात.

सगळे पट्टे आधी पूर्ण सैल करा. जॅकेट अंगात घाला, चेन वरपर्यंत न्या, बकलं टक् असा आवाज येईपर्यंत दाबा आणि प्रत्येक एकदा ओढून बघा. अर्धवट बसलेलं बकल दिसायला अगदी लागल्यासारखं दिसतं. मग पट्टे खालून वर आवळत या: आधी कमरेचा, मग पोटाचा, मग छातीचा, खांद्यांचे शेवटी. खांद्यांपासून सुरुवात केली की जॅकेट आधीच वर खेचलं जातं आणि कमरेचा पट्टा फासळ्यांवर येतो. कमरेचा पट्टा फासळ्यांच्या खाली असला तर त्या त्याला वर जाऊ देत नाहीत, सगळी पकड त्यावरच असते. पट्ट्याखाली दोन बोटं जातील पण मूठ जाणार नाही, इतपत आवळा. उरलेली टोकं खोचून टाका, लोंबत ठेवली तर वल्ह्याच्या खुंटीत अडकतात.

मग परीक्षा. घालणाऱ्याने दोन्ही हात सरळ वर करायचे आणि दुसऱ्याने मागे उभं राहून जॅकेटच्या खांद्यांना धरून जोरात वर उचलायचं. न लाजता, टाचा उचलल्या जातील इतक्या जोरात. जॅकेट दोन-तीन सेंटिमीटर हललं तर ठीक. हनुवटीला किंवा कानांना टेकलं तर पट्टे आणखी आवळा. तरीही टेकलं तर ते माप तुमचं नाही. त्यानंतर बसून बघा. उंच पाठीचं आसन असलेल्या होडीत लांब जॅकेट मागून वर सरकतं. कयाकसाठी मागचा फोम वरच्या भागातच ठेवलेली जॅकेटं मिळतात ती यासाठीच.

मांड्यांमधून जाणारा पट्टा बरेच जण घाण वाटतो म्हणून काढून टाकतात. फुगणाऱ्या जॅकेटात आणि मुलांच्या जॅकेटात तो हवाच. फुगलेली पिशवी वर जायला बघते आणि शरीर खाली. तो पट्टा नसला तर माणूस दोन्ही हातांनी जॅकेट खाली ओढून धरण्यातच दमून जातो.

मुलीसाठी ढगळ घेऊ नका, हे स्पष्टच सांगतो. मोठ्या बुटात पाय सरकतो तसं मूल मोठ्या जॅकेटातून खाली सरकतं. पाणी जॅकेटाला वर लोटतं, बारीक खांदे त्याला अडवू शकत नाहीत, हात वर गेले की मूल सरळ निसटतं. मुलांची मापं वयावर नव्हे तर वजनावर असतात. २४ किलोच्या मुलीला २० ते ३० किलो गटाचं घ्या, ३० ते ४० चं नको. बघायच्या गोष्टी तीन: डोक्यामागे फोमची कॉलर, मांड्यांमधला पट्टा, आणि मानेमागे घट्ट शिवलेला धरायचा पट्टा. होडीत ओढून घेताना हात तिथेच जातो, म्हणून त्याची शिवण ओढून बघाच. मुलांच्या लेबलवर पातळी १०० लिहिलेलं असलं तरी प्रत्यक्ष उचल त्याहून कमी असते, कारण पातळीचा आकडा ७० किलोवरच्या माणसाचा आहे आणि लहान शरीराला तो त्या प्रमाणात उतरवलेला असतो. लेबल वाचून फसवणूक झाली असं समजू नका. दंडावरचे फुगे आणि पोहायची रिंग मात्र खेळणी आहेत. होडीत चढताना ती किनाऱ्यावर ठेवा.

खरेदीनंतर पहिल्या फेरीआधी सगळ्यांनी जॅकेट घालून छातीभर, शांत पाण्यात उतरायचं. गुडघे वाकवून मागे रेला, अंग सैल सोडा. हनुवटी पाण्याच्या वर राहायला हवी आणि श्वास घेताना मान ताणावी लागू नये. मुलीला आधी फक्त पाठीवर रेलायला शिकवा. घाबरलेलं मूल पाण्यावर चढायला बघतं, म्हणजे हात पुढे टाकतं आणि तोंडावर कलंडतं; चांगलं जॅकेटही या धडपडीपुढे हतबल होतं. मागे रेलून पाय मारायची सवय दोन-तीन खेपांत लागते. गार पाण्यात वाट बघायची वेळ आली तर गुडघे छातीशी घेऊन हात जॅकेटभोवती आवळायचे, एकाहून जास्त जण असाल तर मुलीला मधे घेऊन एकमेकांना बिलगायचं. आणि होडीवरून उतरावंच लागलं तर सूर मारायचा नाही: हात छातीवर आडवे बांधून जॅकेट खाली दाबून धरायचं आणि पाय आधी टाकायचे, नाहीतर फोम हनुवटीवर ठोसा लगावतो.

शिट्टी प्रत्येकाच्या जॅकेटाला हवी, खांद्यापाशी, दोरीने बांधलेली. ओरडून घसा मिनिटभरात बसतो, शिट्टी तासभर वाजवता येते. अंधार पडेपर्यंत पाण्यावर राहायची शक्यता असेल तर छोटा दिवाही लावा. रंग केशरी किंवा पिवळा. निळं जॅकेट लाटांमध्ये लांबून दिसेनासं होतं.

तेव्हा तुमच्या घरापुरतं: मुलीला २० ते ३० किलो गटाचं, कॉलर आणि मांडीपट्टा असलेलं फोमचं. आजोबांना छातीच्या मापाचं, फोमचं, पातळी १००, तलावातसुद्धा, कारण त्यांना पोहता येत नाही. तुम्हा दोघांना तलावात ५० चालेल. मोटरबोटीने समुद्रात जाणार असाल तर १५० चं फुगणारं, मांडीपट्ट्यासकट. दोन-दोन घेणं परवडत नसेल तर १०० चं फोमचं दोन्हीकडे निभावतं, फक्त वल्ही मारताना जरा अडचण सोसावी लागेल. आणि जिथे बोट चालवता तिथले नियम जास्त मागत असतील तर ते आधी.

भाड्याच्या होडीवरचं वापरायची पाळी आलीच तर अर्ध्या मिनिटात तपासता येतं. लेबल वाचता येत नसेल तर ठेवून द्या. फोम अंगठा आणि बोटात दाबा, सोडल्यावर लगेच फुगून वर आला पाहिजे. खड्डा तसाच राहिला किंवा आत कुरकुरलं तर तो मेलेला आहे. बकलाच्या जागी गाठ मारलेली असेल तर घेऊ नका. घरच्या जुन्या जॅकेटाची ताकद तपासायची असेल तर आणखी एक सोपी युक्ती आहे. दगड पाण्यात आपलं साधारण ४० टक्के वजन गमावतो, म्हणजे ८ किलोचा दगड पाण्याखाली ५ किलोने ओढतो. जाळीच्या पिशवीत ८ किलो दगड भरून ५० न्यूटनच्या जॅकेटाला बांधा आणि खोल पाण्यात सोडा. बुडालं तर ते उशी भरायच्या लायकीचं.

उशीवरून आठवलं: जॅकेटावर बसायचं नाही, गुडघे टेकायचे नाहीत, होडीच्या कडेला टांगून त्याला धक्के झेलायला लावायचं नाही. दाबून दाबून फोमच्या आतले हवेचे कप्पे फुटतात आणि ते परत भरत नाहीत. वापरून झालं की गोड्या पाण्याने धुवा, सावलीत टांगून वाळवा. हीटरजवळ किंवा गाडीच्या डिकीत डांबून ठेवू नका.

फुगणाऱ्याचं काम जरा जास्त आहे. दर मोसमाआधी तोंडाने नळीतून फुगवून २४ तास ठेवा; दुसऱ्या दिवशी मऊ पडलं तर गळती आहे. फुगवलेलं असताना दोरी ओढून सिलिंडर फोडायचं नाही, दाब दुप्पट होऊन शिवण सुटते. सिलिंडर काढून टोक बघा: भोक असेल तर वापरलेलं, गंज असेल तर बदला. स्वयंपाकघरातल्या १ ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर तोला आणि त्याच्यावर कोरलेल्या एकूण वजनाशी ताडून पहा. कमी भरलं तर वायू निसटलाय. परत लावताना हाताने घट्ट होईल तितकंच फिरवा. कंपनाने ते हळूहळू सैल होतं, म्हणून निघण्याआधी जॅकेटची घडी उघडून एक पीळ देऊन बघायची सवय ठेवा. गोळीवर तारीख छापलेली असते, साधारण तीन वर्षांनी ती बदलावी लागते, ओल लागलेली असेल तर लगेच.

एकदा फुगल्यावर परत भरताना क्रम चुकू देऊ नका. आधी रिकामं सिलिंडर काढा, मग नळीच्या टोपणाचं उलटं टोक झडपेत दाबून पिशवी पिळून पिळून पूर्ण रिकामी करा, मग नवी गोळी बसवा, आणि सिलिंडर सगळ्यात शेवटी. आधी सिलिंडर लावून मग गोळीशी खटपट केली तर सुई सुटते आणि नवं सिलिंडर तिथल्या तिथे फुसकन रिकामं होतं. गोळी आणि सिलिंडरचं किट त्याच मॉडेलचं लागतं, म्हणून एक जास्तीचं जॅकेटासोबतच घेऊन ठेवा. मुलीच्या जॅकेटाला यातलं काही लागत नाही; दर सुटीआधी तिला काट्यावर उभी करा, आणि आकडा २९ च्या वर दिसला की पुढच्या गटाचं बघायला लागा.